चकलीचा उपास

निदान "तिळगूळ घ्या" एवढं तरी म्हणायचं! लंडनमधल्या हॅरोच्या हॉलमध्ये संक्रांतीच्या रांगेत उभा होतो. जरीच्या साडीवर पफर जॅकेट घातलेल्या एक बाई आल्या, माझ्या हातावर वडी ठेवली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "अहो, मुक्या जिवाला असं उपाशी नका हो ठेवू." मी या बाईंना ओळखत नाही. त्या मला ओळखत होत्या. त्यांच्या मागचे गृहस्थही ओळखत असावेत, कारण त्यांनी वडी दिलीच नाही.

मुका जीव म्हणजे चकली. आमच्या मुलीची टॅरँट्युला, म्हणजे केसाळ जातीचा कोळी. होंडुरास-निकाराग्वाकडची जात, अंगावर कुरळे केस, म्हणून हे नाव. मुलगी शिकायला लीड्सला गेली, तिथल्या हॉस्टेलात पाळीव प्राणी चालत नाहीत, आणि "बाबा, फक्त जूनपर्यंत" असं म्हणून डबी माझ्या टेबलावर आली. पाय धरून दीड सेंटिमीटरचा जीव. टपालाने आला होता, स्ट्रॉच्या तुकड्यात, ओल्या टिश्यूत गुंडाळून.

इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. मग सावंतवाडीहून आत्या आली.

कोळी बघून आत्या किंचाळली असती तर बरं झालं असतं. डबी वरच्या खोलीत नेऊन ठेवली असती आणि विषय संपला असता. आत्याने चष्मा बदलला आणि खुर्ची ओढून बसली.

"एवढीशी जागा हिला?"

"अगं, मोठ्या डब्यात ठेवली तर तिला खाणं सापडत नाही. आणि उंचावरून पडली तर पोट फुटतं. म्हणून बुटकी डबी, निम्मी माती."

"माती कसली ती?"

माती म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. इथे त्याची दाबून केलेली वीट मिळते, पाण्यात टाकली की फुगते. आत्याने वेष्टन उलटंपालटं करून किंमत शोधली, पौंडांची रुपयांत केली आणि बराच वेळ गप्प बसली. "आमच्या परड्यात नारळाच्या सोडणांचे ढीग पडलेत," ती शेवटी म्हणाली. "गडी पैसे घेतो ते उचलायचे." त्यानंतर दोन-तीन दिवस जेवताना कंटेनरने भुसा आणण्याचा विषय चालला. धंद्यात मला भागीदार करून घेणार होती. भांडवल माझं.

"आणि पाणी कुठाय?"

"एका कोपऱ्यात माती ओली ठेवायची. बाटलीचं झाकण ठेवलं होतं पाण्याला, तिने ते मातीने भरून टाकलं."

"म्हणजे पाणीसुद्धा नाही," आत्या म्हणाली.

हे वाक्य मी तिथेच खोडून काढायला हवं होतं असं बायकोचं मत आहे. आत्याचं वाक्य खोडणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मायचाय.

खरं तर आत्याला कोळ्यांचं नवल नाही. आपल्या सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत राहणारी, तळहाताएवढी, पायांखाली पिवळे पट्टे असलेली जात आहे. 1899 साली पोकॉक नावाच्या इंग्रजाने तिचं शास्त्रीय नामकरण केलं, आणि तेव्हापासून साहेबाचा जीव त्या कुळात अडकलेला आहे. इतकी मागणी की 2019 मध्ये त्या सगळ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. मेक्सिकोच्या लाल गुडघ्यांच्या जातीवर तर 1985 मध्येच आले होते. हे सगळं मी आत्याला मन लावून सांगितलं. ती म्हणाली, "फणसाच्या ढोलीत असायचे. तुझे काका काठीने मारायचे. त्यांना काय ठाऊक, लंडनला गिऱ्हाईक आहे."

आता जेवण. चकलीला जिवंत रातकिडा झेपत नाही, तिच्याहून तो मोठा पडतो. म्हणून रातकिडा आधी मारायचा आणि त्याची तंगडी चिमट्याने डबीत ठेवायची. आठवड्यातून दोनदा. चोवीस तासांत खाल्ली नाही तर काढून टाकायची, नाहीतर बुरशी येते. आत्याने हा विधी पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती दुखावली गेली. मारण्याचं तिला काहीच वाटलं नाही. बांगडा साफ करताना मी तिला गाणं म्हणताना ऐकलंय. तिचा आक्षेप वाढण्यावर होता.

"एकच तंगडी?"

"पुरते गं."

"पुरते ते तू ठरवणार? पानात एक घास वाढून पाहुणा उठवतात का?"

दुसऱ्या दिवशी नियमावली आली. सोमवारी चकलीला मांसाहार नाही. गुरुवारी नाही. शनिवारी नाही. संकष्टी असली तर त्या दिवशीही नाही. "घरात एकदा पाळायचं म्हटलं की सगळ्यांनी पाळायचं." मी आपला मंगळवार-शुक्रवार धरून चाललो. एकदा मंगळवारी अंगारकी आली, तेव्हा आत्याने डबीपुढे वरईचे चार दाणे ठेवले.

रातकिड्यांबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. दुकानात ते सुटे मिळत नाहीत. तीन-साडेतीन पौंडांचा डबा घ्यावा लागतो, त्यात शंभराच्या आसपास रातकिडे, आणि चकलीला हवी तंगडी. उरलेल्यांना मरू दिलं तर आख्ख्या डब्याला वास सुटतो, म्हणून त्यांना गाजर द्यायचं, कोबीचं पान द्यायचं, अंड्याच्या ट्रेचा तुकडा लपायला द्यायचा. नीट खाऊ घातलेला रातकिडा कोळ्याला पौष्टिक असतो, हेही खरं आहे. म्हणजे मी रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी कोळ्याच्या जेवणाच्या जेवणासाठी गाजर किसतो. त्यात मागच्या महिन्यात दुकानातली बारीक साइझ संपली होती, काउंटरवरच्या पोराने मोठे दिले. मोठ्यांतले नर रात्रभर गातात. माझ्या उशाच्या भिंतीपलीकडे.

डिसेंबरात चकलीने जेवण बंद केलं. पोट काळपट आणि तुकतुकीत झालं होतं, आणि तिने बिळाचं तोंड मातीने आतून लिंपून घेतलं. कात टाकायची वेळ आली की कोळी हेच करतात. कित्येक आठवडे जेवत नाहीत. अशा वेळी त्यांना छेडायचं नाही आणि डबीत रातकिडा तर अजिबात टाकायचा नाही, कारण कात टाकताना कोळी असहाय असतो आणि तो रातकिडाच त्याला कुरतडू शकतो. हे मी आत्याला समजावून सांगितलं, मराठीत, दोनदा.

"दार लावून घेतलंय तिने," आत्या बायकोला म्हणाली. "घरात कोणी बोललं का तिला?"

मग माझी उलटतपासणी. मी डबी आपटली का? मोठ्याने फोनवर बोललो का? जानेवारीचं वीजबिल आल्यावर हीटर बारीक केला तो हिच्यामुळेच ना? नंतर मिरच्या ओवाळून जाळायची गोष्ट निघाली, तेव्हा मात्र मी आडवा पडलो. धूर कोळ्याला वाईट, आणि आमच्या स्वयंपाकघरातला अलार्म साध्या फोडणीला बोंबलतो.

एका रविवारी सकाळी वरून हाक आली, "बाळ्या, गेली रे!"

चकली बिळातून बाहेर येऊन उताणी पडली होती, आठही पाय वर. मी सांगत होतो की मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाखाली मुडपतात, उताणा पडलेला कोळी कात टाकत असतो, डबीला हात लावू नकोस. तोवर आत्याने लीड्सला व्हिडिओ कॉल लावून नातीला "धीर धर" म्हटलं होतं, आणि मला आंघोळीला पिटाळलं होतं. मी केली आंघोळ. रविवार होता, करायचीच होती.

दुपारी बघतो तर डबीत दोन चकल्या. एक पोकळ, तिचं वरचं झाकण उघडून बाजूला पडलेलं, पायांची टोकंसुद्धा जशीच्या तशी. दुसरी तिच्याशेजारी, फिकट, ओलसर, पहिलीपेक्षा ठळक मोठी आणि पाय एक एक करून ताणत असलेली. सुळे अजून पांढरे. ते काळे होऊन कडक होईपर्यंत खायला द्यायचं नसतं; मऊ सुळ्यांनी ती काहीतरी धरायला गेली तर तिचेच हाल. म्हणजे आणखी आठवडाभर लंघन.

आत्याने कात चिमटीत धरून उजेडाला नेली. बराच वेळ पाहिली. मग जो निष्कर्ष काढला त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

"बघ. अन्नावाचून कातडं सुटलं बिचारीचं."

तेच संक्रांतीला हॉलभर झालं. पाणीसुद्धा देत नाही, तंगडी मोजून देतो, पोरगी लीड्सला गेल्यावर तर विचारूच नका, शेवटी कातडं गळून पडलं. पुरावा तिच्या पर्समध्ये होता, कुंकवाच्या रिकाम्या डबीत. बायका रांगेने बघत होत्या. एकींनी मला मऊ भात कालवून द्यायचा सल्ला दिला. दुसऱ्या एकांचे यजमान वकील आहेत, त्यांनी इथले प्राणीविषयक कायदे किती कडक आहेत ते हसत हसत सांगितलं. हसत हसत.

आता एक विचारतो. गेल्या वर्षी माझी साखर वाढली, तेव्हापासून याच घरात माझा भात बंद आहे, बटाटा बंद आहे, रात्री सूप देतात. नोव्हेंबरपासून आत्या माझ्यासमोर बसून सोलकढी-भात जेवते. माझ्या बाबतीत हॉलमध्ये कोणी हळहळलं? मुलगी फोन करते, "जेवली का?" विचारते. मी "हो, मी जेवलो" म्हटलं की पलीकडे शांतता.

मादी निघाली तर अशी कोळीण सहज वीस वर्षं जगते. नर लवकर आटोपतो. कात भिंगाखाली धरून ते कळतं, पण इतक्या लहान कातीत खात्री नाही, असं मुलीचं म्हणणं. आत्याला खात्री आहे. "मादीच. नर असता तर रुसूनही जेवला असता." ती मार्चमध्ये परत जातेय. व्हिसा मात्र तिने दहा वर्षांचा काढलाय.