आधी धूसर करायला लावा, मग ‘अस्पष्ट’ म्हणून परत पाठवा

कोण ठरवतं हो ऑनलाइन फॉर्ममध्ये अपलोड करायच्या फाईलच्या साइजच्या या मर्यादा? खरंच विचारतोय, कुणाला माहीत असेल तर सांगा. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, डाव्या हाताचा अंगठा २० ते ५०, दाखले प्रत्येकी २०० केबीच्या आत, आणि त्याच्याच खाली लाल अक्षरात ‘कागदपत्र सुस्पष्ट व वाचनीय असावे’. अरे मग एकदाचं ठरवा ना, वाचता यायला पाहिजे की २०० केबीत पाहिजे?

सध्या आमच्याकडे दोन आघाड्या उघडल्यात. भाचीचा बँकेच्या परीक्षेचा फॉर्म, आणि नानांच्या घरचं जातीच्या दाखल्याचं प्रकरण. आणि कॉम्प्युटर येणारा म्हणून खानदानात मी एकटा, त्यामुळे कामावरून घरी आलो की चहा हातात पडायच्या आधी “मामा, परत एरर आलाय बघ”. एरर काय, तर ‘इनव्हॅलिड फाईल’. बास, एवढंच. फाईल मोठी झाली का, छोटी झाली का, नावात स्पेस आहे म्हणून नको झाली, का शेवटी जेपीईजी लिहिलंय आणि महाराजांना जेपीजी पाहिजे होतं, काही म्हणजे काही सांगणार नाही. तुम्ही आपलं ओळखायचं. आणि ओळखत बसलात की सेशन टाइमआउट, परत लॉगिन, परत ओटीपी, परत तो कॅप्चा ज्यातलं शून्य आणि ओ देवालाच कळतात.

मोठी फाईल चालत नाही हे एकवेळ समजू शकतो. पण छोटी का चालत नाही रे? तिथे लिहिलंय फोटो २०० बाय २३० पिक्सेल पाहिजे. ठीक आहे, केला. आता २०० गुणिले २३० म्हणजे ४६,००० पिक्सेल, मागे पांढरा पडदा, नेहमीच्या क्वालिटीला सेव्ह केलं तर बारा-पंधरा केबीच्या आसपास फाईल होते. झाली. आणि ते म्हणतंय किमान २० केबी पाहिजे! म्हणजे तुम्ही सांगितलेल्याच मापाचा फोटो तुमच्याच मर्यादेत बसत नाही. मग काय करायचं, तर तोच फोटो क्वालिटी १०० ला ओढून उगाच फुगवायचा. त्यात एक कण नवीन माहिती येत नाही, चेहरा आहे तेवढाच दिसतो, फक्त आकडा वाढतो. हा नियम लिहिणाऱ्याने स्वतः एकदा तरी हा फॉर्म भरून बघितला असेल का? मला नाही वाटत.

आणि ते डीपीआय! ‘फोटो २०० डीपीआय असावा.’ अहो पिक्सेल ठरवून दिल्यावर डीपीआय म्हणजे फाईलमध्ये लिहिलेला एक आकडा असतो फक्त, प्रिंट काढताना एका इंचात किती ठिपके बसवायचे तेवढं सांगणारा. २०० बाय २३० चा फोटो ७२ डीपीआय लिहिला काय आणि ३०० लिहिला काय, तोच फोटो, तेवढेच पिक्सेल. पण पोरं बिचारी रात्र रात्र ‘डीपीआय कसा वाढवायचा’ याचे व्हिडिओ बघत बसतात.

केबीचं पण तेच. एक केबी म्हणजे १००० बाइट की १०२४? विंडोज १०२४ धरतं, बरेच फोन १००० धरतात, आणि साइटने काय धरलंय ते साइट बनवणाऱ्यालाच माहीत. त्यामुळे काठावरची फाईल इथे ५० दिसते आणि तिथे ‘एक्सीड्स लिमिट’. यावर उपाय म्हणजे ४७-४८ लाच थांबायचं, हे ज्ञान कुठल्याच सूचनापत्रात नाही, ते झेरॉक्सवाल्याकडून तोंडी मिळतं.

बरं हे सगळं फोटोपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. चेहरा थोडा मऊ झाला तर काय बिघडत नाही. खरा संताप कागदपत्रांचा आहे.

जेपीजी हा प्रकार १९९२ सालचा, आणि तो बनवला फोटोसाठी, छापील-लिखित कागदासाठी नाही. तो चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातले बारीक, पटकन बदलणारे तपशील आधी टाकून देतो. आभाळ, गाल, भिंत असल्या गोष्टींना त्याने फरक पडत नाही. पण कागदावरचं अक्षर म्हणजे काय, नुसती कडच की! पांढऱ्यातून एकदम काळं. तीच कड पहिली मरते आणि अक्षराभोवती धुळीसारखा कचरा उडतो. आणि आपल्या लिपीत तर ठिपक्यावर नाव अवलंबून. अनुस्वार गेला, शिंदेचा शिदे झाला, मग वर ‘नावात तफावत’ म्हणून शेरा यायला मोकळा.

हिशोबच करा. एक ए-फोर कागद २०० डीपीआयला रंगीत स्कॅन केला तर साधारण १६५४ बाय २३३९, म्हणजे अडतीस लाखांच्या वर पिक्सेल. ते २०० केबीत कोंबायचे म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला अर्धा बिटसुद्धा येत नाही. त्यात दोन-तीन पानं एकाच पीडीएफमध्ये मागतात, पुढची बाजू मागची बाजू, मग तर विचारूच नका. टाइप केलेला स्वच्छ कागद असेल तर ब्लॅक अँड व्हाइट स्कॅन करून बसतो, मान्य आहे. पण जातीच्या दाखल्याला स्वच्छ टाइप केलेला कागद चालतो का? ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, नाहीतर कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल. नानांकडचा कागद मोडीतला आहे. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, शाई उडून तपकिरी झालेली, वर कुणीतरी कधीतरी सांडलेल्या पाण्याचा डाग. हा कागद ब्लॅक अँड व्हाइट केला की डाग काळाभोर येतो आणि अक्षर गायब. रंगीत ठेवला की साइज फुटते. आणि मोडी म्हणजे हात न उचलता लिहिलेली, एका अक्षराची शेपटी दुसऱ्यात गेलेली, मूळ कागद उन्हात धरून वाचायला जाणकाराला वेळ लागतो, तिथे २०० केबीच्या चिखलात कोण काय वाचणार? २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणारी माणसं शोधत लोक गावोगाव फिरत होते. एवढी धडपड करून नोंद मिळवायची, आणि शेवटच्या पायरीला ती स्वतःच्या हाताने पुसायची.

पुसली. केली अपलोड. काही दिवसांनी मेसेज, ‘कागदपत्र अस्पष्ट, अर्ज त्रुटीत’. हे म्हणजे उसाचं चिपाड करून आणायला सांगायचं आणि मग रस कुठे गेला म्हणून विचारायचं.

नाना मला विचारतात, “अरे तुझा मोबाईल तर चांगला आहे ना?” काय सांगू त्यांना. मोबाईल चांगला आहे हो नाना, बारा मेगापिक्सेलचा साधा फोटो काढला तरी चार हजार बाय तीन हजार येतो, त्यात कागदाचे तंतू दिसतात. पण तुमच्या मुलाने कागदाचा फोटो चॅटवर पाठवला की निम्मा तिथेच चिरडतो (डॉक्युमेंट म्हणून पाठव, डॉक्युमेंट म्हणून पाठव, किती वेळा बोंबलायचं), मग कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढणार, मग क्रॉप, मग कॉम्प्रेस, आणि जेपीजी दर वेळी नव्याने सेव्ह होताना थोडं थोडं खात जातं. माझ्यापर्यंत येईपर्यंत त्या कागदाची रया गेलेली असते.

आता सगळ्यात भारी गंमत ऐका. सातबारा हल्ली डिजिटल सहीचा मिळतो, पीडीएफ डाउनलोड करायची, त्यातच सही असते, क्यूआर कोड असतो, तलाठ्याकडे हेलपाटा नाही. चांगली सोय आहे, मनापासून म्हणतो. पण ही फाईल दुसऱ्या पोर्टलवर टाकायला गेलं की तिथे लिमिट. मग कॉम्प्रेस करायची. आणि डिजिटल सही केलेली पीडीएफ कॉम्प्रेस केली की ती सहीच बाद होते, कारण सही त्या फाईलच्या अगदी अचूक मजकुरावर केलेली असते, एक बाइट बदलला तरी ती जुळत नाही. क्यूआर पण असा पुसट होतो की कुठलाच फोन तो वाचत नाही. म्हणजे खरा, पडताळता येणारा कागद होता, त्याचं तुम्ही मला साधं चित्र करायला लावलं. डिजीलॉकर २०१५ पासून आहे देशात, तिथून कागद थेट ओढून घेता येतो, पण नाही, आमचा कागद आमच्याच हाताने चुरगाळून दिल्याशिवाय यांचं समाधान होत नाही.

आणि लोक कॉम्प्रेस कुठे करतात याचा विचार केलाय कुणी? ‘फोटो २० केबी’ असं सर्च मारायचं, पहिली जी फुकट साइट येईल तिच्यावर आधार कार्ड टाकायचं. कुणाची साइट, कुठल्या देशातली, फाईल ठेवतात का पुसतात, देव जाणे. फोटो, सही, अंगठा, आधार, पॅन, बँकेचं पासबुक, सगळा ऐवज एका जागी, आपण होऊन. जून २०२० मध्ये केंद्राने ५९ ॲप्स बंद केली त्यात कॅमस्कॅनर पण होतं, तोपर्यंत निम्म्या महाराष्ट्राने दाखले त्याच्यावरच स्कॅन केले असतील. बंद करताना सुरक्षेचं कारण दिलं. बरोबर आहे. पण लोक तिकडे वळतात ते कशामुळे? हौस म्हणून? एकीकडे मास्क्ड आधार (नंबरचे फक्त शेवटचे चार आकडे दिसतात ते) वापरा, कुणाला पूर्ण नंबर देऊ नका म्हणून जाहिराती करायच्या, आणि दुसरीकडे पूर्ण आधार १०० केबीत आणा.

ज्याला हे जमत नाही तो सायबरवर जातो. तिथला पोरगा हुशार असतो, दोन मिनिटांत करून देतो, त्याचे पैसे घेतो, त्याची काही चूक नाही. पण कधी त्या कॉम्प्युटरचं डाउनलोड्स फोल्डर बघा. अख्ख्या तालुक्याची आधार कार्डं पडलेली असतात तिथे. कुणाकुणाच्या सह्या, छान कापून, पांढऱ्या बॅकग्राउंडवर, चिकटवायला तयार.

कोण म्हणेल सर्व्हरवर जागा लागते. किती लागते? २०२३ च्या तलाठी भरतीला दहा लाखांच्या वर अर्ज आले होते, तो आकडा धरू. प्रत्येकाचा फोटो ५० ऐवजी ५०० केबी घेतला तर झाले ५०० जीबी. ते खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्कवर बसतात. प्रत्येकाची दहा कागदपत्रं दोन-दोन एमबीची घ्या, २० टीबी. एवढ्या क्षमतेची एकच डिस्क बाजारात मिळते आता. बॅकअपला अजून दोन घ्या, चार घ्या. त्या भरतीला खुल्या वर्गाची फी १००० रुपये होती. करा गुणाकार आणि सांगा डिस्क परवडत नाही म्हणून.

शेवटच्या दिवशी लाखभर लोक एकदम येतात, साइट झोपते, हे खरं कारण असू शकतं, ते मी नाकारत नाही. पण त्यालाही उत्तर आहे की. मी कितीही मोठा फोटो निवडू दे, ब्राउझरच तो माझ्याच फोनवर हव्या त्या मापाचा करून मग वर पाठवू शकतो, ही सोय ब्राउझरमध्ये वर्षानुवर्षं आहे, कुठलाही शिकाऊ प्रोग्रामर हे करून देईल. सर्व्हरवर करायचं तर इमेजमॅजिक नावाचं फुकट सॉफ्टवेअर १९९० पासून आहे, एका ओळीची कमांड! एका माणसाने एकदा एक दिवस बसून केलं की संपलं. त्याऐवजी काय चाललंय, तर दहा लाख माणसं आपापल्या घरी बसून तेच काम हाताने करतायत, त्यातली निम्मी ज्यांना पिक्सेल कशाशी खातात माहीत नाही, आणि चुकलं तर वर्ष त्यांचं जातं. नियम लिहिणाऱ्याचा चहासुद्धा गार होत नाही.

असो. भाचीचा फॉर्म गेला एकदाचा, अंगठ्याचं चित्र गेलं म्हणजे नेमकं काय गेलं ते माहीत नाही, मला तर ते शेवाळ वाटत होतं, पण साइटने घेतलं. तिच्या सहीवरून पण झालंच, ‘सही फक्त काळ्या शाईने पांढऱ्या कागदावर’, निळ्या पेनाने केलेली चांगली सही फेकून परत काळं पेन शोधलं घरभर. आणि नानांना काल फोन आला, की अपलोड केलेलं वाचता येत नाहीये, तर मूळ कागद घेऊन समक्ष या. म्हणजे शेवटी एसटीनेच जायचं होतं तर तो २०० केबीचा तमाशा कशासाठी केला? सोबत झेरॉक्सचे दोन सेट आणायला सांगितलेत, प्रत्येक पानावर नानांची स्वतःची सही करून. मी विचारलं, सही काळ्या पेनाने ना? तर म्हणे नाही नाही, काळी चालत नाही, झेरॉक्स वाटते ती, निळीच पाहिजे.