प्रश्नसंच पाठ, पण पान उघडेना!

बारावीच्या आयटीची परीक्षा जवळ आली की साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत झेरॉक्सवाल्यांची चंगळ. 'हमखास येणारे' प्रश्न छापून घ्यायचे आणि घोकायचे. अरे बाबांनो, हा काय सनावळ्यांचा विषय आहे?

प्रॅक्टिकलला मग व्हायचं तेच होतं. पीएचपीची, म्हणजे वेबपानं बनवायच्या एका प्रोग्रामिंग भाषेची, फाइल डेस्कटॉपवर ठेवून डबल-क्लिक करायची आणि कोड जसाच्या तसा दिसला की ओरडायचं, 'सर, मशीन खराब आहे!' मशीन ठणठणीत आहे. पीएचपी ब्राउझरला कळत नाही, ती सर्व्हरवर, म्हणजे ब्राउझरला पानं पुरवणाऱ्या प्रोग्रामवर चालते. झॅम्प या सॉफ्टवेअरमध्ये अपाची हा सर्व्हर सुरू करा, फाइल झॅम्पच्याच एचटीडॉक्स फोल्डरमध्ये टाका, मग ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत लोकलहोस्ट (म्हणजे आपलंच मशीन), तिरकी रेघ आणि फाइलचं नाव. अपाची सुरूच होत नसेल तर बहुतेकदा ८० नंबरचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं ये-जा करायचं दार, दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रामनं अडवलेला असतो. सेटिंगमध्ये तो ८०८० करा आणि पत्त्यातही लोकलहोस्टपुढे कोलन देऊन ८०८० लिहा. हे दुसरं नेमकं विसरतात.

नोटपॅडची तऱ्हा निराळीच. सेव्ह करताना 'ऑल फाइल्स' निवडलं नाही की वेबपानाच्या एचटीएमएल फाइलच्या नावाच्या शेपटाला गुपचूप टीएक्सटी चिकटतं. त्यात नोट्समधून कॉपी केलेली ती वाकडी अवतरणचिन्हं! जावास्क्रिप्ट या वेबपानाच्या भाषेला सरळच लागतात. तिच्या गेटएलिमेंटबायआयडी (getElementById) या आज्ञेत ई, बी, आय कॅपिटल, शेवटचा डी छोटा. तो मोठा करतात आणि तासभर चूक शोधत बसतात. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून कन्सोल, म्हणजे चुका दाखवणारी खिडकी, उघडला तर तो ओळीच्या नंबरासकट सांगतो. पण तिकडे बोट जाईल तर शपथ!