विहिरीच्या वर काय ओतलं जातं, त्याची नोंद आधी करा

पाणी सुरक्षित असल्याचं हिरवं कार्ड हातात पडलं की ग्रामपंचायतीत पाण्याचा विषय मिटतो. माझ्या मते तो तिथून पुढे सुरू व्हायला हवा. सध्या आंब्याच्या झाडांना कल्टार हे वाढ रोखणारं रसायन घालायचे दिवस आहेत आणि 15 ऑगस्टची ग्रामसभा तोंडावर आली आहे, म्हणून आत्ताच सविस्तर लिहितेय.

जे चाललंय त्यातलं चांगलं आधी सांगते. जलजीवन मिशनमध्ये गावागावात पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण मिळालं. आमच्या पाणी समितीतल्या बायका आता पेटी उघडून पीएच, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, लोह, फ्लोराइड बघतात. जिवाणूंच्या छोट्या बाटलीत पाणी भरून ती कपाटात ठेवतात आणि दोन दिवसांत ती काळी पडली की जलसुरक्षकाला हाक मारतात. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडतं, पुन्हा तपासणी होते. जिवाणू हाच आपला पहिला शत्रू आहे आणि ही कामं एक दिवसही थांबता कामा नयेत.

पण त्या पेटीत कल्टार कळत नाही. आंब्यावर मारलेली औषधं कळत नाहीत, माणसांच्या गोळ्यांचे अंश कळत नाहीत, कारखान्यांतली नवी रसायनं तर नाहीच नाही. अहवालावर ‘पिण्यास योग्य’ असा शिक्का पडतो, त्याचा अर्थ जेवढं तपासलं तेवढ्यात दोष सापडला नाही, इतकाच. आणि काय तपासायचं ही यादी सगळ्या देशाला जवळजवळ एकच. विहीर मराठवाड्यातली असो की राजापूरच्या सड्याखालची (सडा म्हणजे कातळाचं उघडं पठार), प्रश्न तेच.

आता आपल्या कोकणातल्या जमिनीकडे बघा. जांभा हा भोकाभोकांचा, भेगाळलेला दगड. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून झरझर खाली उतरतो, खालच्या चिकण थरावर अडतो आणि सड्याच्या पायथ्याला झरा होऊन फुटतो. जुन्या माणसांनी विहिरी तिथेच खणल्या. खोल काळ्या मातीत पाण्याला मुरायला, गाळून निघायला वेळ मिळतो. जांभ्याच्या भेगांतून ते तसंच उतरतं. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही वैशाखात आपण टँकरची वाट बघतो, त्याचंही एक मोठं कारण हेच. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर रात्रीतून विहिरीचं पाणी वर येतं आणि गढूळ होतं, हे आपण सगळेच बघतो. गाळ ज्या वाटेने आला, त्याच वाटेने त्यात विरघळलेलंही येणार.

कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो, म्हणून ते घालावं लागतं. दापोलीच्या विद्यापीठाची शिफारस झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला 3 मिली, तेही 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान. पहारीने बुंध्याभोवती चार-पाच इंचाची भोकं पाडायची, द्रावण ओतायचं, माती लोटायची. हे सगळं ऐन पावसात, आणि हे रसायन मातीत महिनोन् महिने टिकणारं. आमचीही कलमं आहेत, घर हापूसवरच चालतं, त्यामुळे कल्टार बंद करा असं मी म्हणणार नाही. पण बाग कराराने दिली की माप कोण बघतो? करार घेणाऱ्याला यंदाचं पीक हवं असतं. झाडही त्याचं नाही आणि खालची विहीरही त्याची नाही. पीक नाही आलं तर त्याचे पैसे बुडतात, म्हणून तो हात सैल सोडतो. हे बागवाल्याने बघायला हवं, आणि करारपत्रात मापाची एक ओळ लिहायला कोणाची हरकत नसावी.

मग मोहोर फुटला की फवारण्या. तुडतुडे, फुलकिडे, त्यावर इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम. दोन्ही पाण्यात सहज विरघळणारी. फवारणी संपली की पंप कुठे धुतला जातो? विहिरीच्या कठड्याशेजारी, कारण पाणी तिथे आहे. ते फेसाळ पाणी दगडांच्या सांध्यांत जिरताना मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी कोणाला ना कोणाला पंप लांब न्यायला सांगते. गडी नवे असतात, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

किनाऱ्यावर कथा वेगळी. गुहागर, दिवेआगरसारख्या गावांत एकेका वाडीत पुढे विहीर, मागे शोषखड्डा, मध्ये माडा-पोफळीचं आगर आणि खाली वाळू. पूर्वी घरात सात-आठ माणसं असायची. आता सुट्टीत त्याच वाडीत तीस पाहुणे उतरतात आणि संडासाचं सगळं पाणी त्याच वाळूत जातं. त्याबरोबर चहा-कॉफीतलं कॅफीन, मधुमेहाच्या गोळ्यांतलं मेटफॉर्मिन, फिट्सवरचं कार्बामाझेपिन. हे शेवटचं औषध जमिनीत लवकर मोडत नाही, म्हणून सांडपाण्याची खूण म्हणून ते जगभर तपासलं जातं. विहिरीत त्याचा अंश सापडला म्हणून कोणी लगेच आजारी पडत नाही. पण शोषखड्ड्यातलं पाणी पिण्याच्या पाण्यापर्यंत पोचतंय, हे त्यावरून कळतं, आणि जिवाणूंची बाटली काळी पडली नसली तरीही कळतं.

आणि लोटे, खेड तालुक्यातली रासायनिक कारखान्यांची वसाहत. सोनपात्रा नदीत, दाभोळच्या खाडीत मासे मरून तरंगले की बातमी येते, भोई बांधव पंचनाम्यासाठी धावपळ करतात, मग सगळं शांत होतं. पण जमिनीखालून जाणारं काही तरंगून वर येत नाही. इटलीत विचेन्झाजवळच्या एका कारखान्याने दशकानुदशकं पीफास गटातली रसायनं सोडली. न चिकटणारे तवे, पाणी न धरणारं कापड, आग विझवायचा फेस यांत वापरली जाणारी ही रसायनं निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. तिथलं भूजल नासल्याचं 2013 मध्ये उघड झालं, साडेतीन लाख लोकांच्या पाण्याचा प्रश्न झाला, 2018 मध्ये कारखाना दिवाळखोरीत निघाला आणि 2025 च्या जूनमध्ये न्यायालयाने 11 जणांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. त्या बंद कारखान्याची यंत्रसामग्री विकत घेऊन लोट्यात आणली गेली. इथल्या कोणावर मी आरोप करत नाहीये. इटलीत जे झालं ते इथे होईलच, असंही नाही. माझं म्हणणं एवढंच की आजूबाजूच्या गावांतल्या विहिरींचा आजचा आकडा आपल्या हातात हवा. तो नसेल तर दहा वर्षांनी काही वाढलं की नाही, हे कोण कशाच्या आधारावर सांगणार?

अमेरिकेने 2024 मध्ये पीफासमधल्या पीएफओए आणि पीएफओएस या दोन रसायनांसाठी लिटरला 4 नॅनोग्रॅम ही मर्यादा घातली. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. युरोपात अशा 20 रसायनांची मिळून मर्यादा 100 नॅनोग्रॅम आहे. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या 2012 च्या आयएस 10500 या मानकात काही कीटकनाशकांची नावं आहेत, पण पीफाससाठी अशी मर्यादा नाही. जिथे मर्यादाच ठरलेली नाही, तिथे प्रयोगशाळा आपणहून कशाला मोजेल!

पाण्यात एकदा शिरलं की काढणं किती अवघड, हेही लक्षात घ्या. टीसीएलने पीफास जात नाही, उकळून तर नाहीच. पाणी आटतं, रसायन तेवढंच राहतं. सक्रिय कोळशाच्या गाळणीने बरंचसं अडतं, पण कोळसा वेळेवर बदलला तरच. आरओनेही अडतं, मात्र त्याचं बाहेर फेकलेलं पाणी मागच्या शोषखड्ड्यात जाणार असेल तर ते फिरून विहिरीकडेच येणार. म्हणून जे करायचं ते वरच्या अंगाला करायला हवं.

सगळ्या गावांनी सगळी रसायनं तपासावीत, ही मागणी वेडेपणाची ठरेल. या तपासण्या महागड्या यंत्रांवर होतात आणि तालुक्याच्या प्रयोगशाळेकडून ती अपेक्षा करणं योग्य नाही. गावाने आधी स्वतःची यादी करावी. ती करायला शास्त्रज्ञ लागत नाही. कृषी सेवा केंद्राला कीटकनाशकांच्या साठ्याची आणि विक्रीची नोंद कायद्यानेच ठेवावी लागते. सहायक कृषी अधिकाऱ्याने (पूर्वीच्या कृषी सहायकाने) त्यावरून आपल्या भागात वर्षभरात कोणतं औषध किती खपलं, एवढं काढून द्यावं. बागायतीच्या गावात त्यातली वरची चार-पाच आणि कल्टार, किनाऱ्यावर सांडपाण्याच्या दोन-तीन खुणा, लोटे-महाडच्या खालच्या अंगाला पीफास आणि तिथल्या कारखान्यांना ज्या उत्पादनांची परवानगी आहे ती रसायनं. यादी छोटी राहते आणि खर्च आवाक्यात येतो.

विहिरी निवडायलाही नव्याने काही उभारायला नको. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजतेच. त्यातल्या तालुक्याला दहा विहिरी निवडून ऑक्टोबर आणि मे महिन्यांत एकेक बाटली जास्त भरावी आणि मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावी. कल्टारसाठी ऑगस्टअखेरचा एक नमुना वेगळा घ्यावा, नाहीतर ऐन वेळचं निसटून जाईल. आणि निकाल, तो चांगला असो वा वाईट, पंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. आंब्याचं नाव खराब होईल म्हणून गप्प बसा, असं मला दोन-तीन जणांनी सांगितलंय. त्यांची भीती मला समजते. पण परदेशी खरेदीदार फळातले अंश तपासूनच घेतात. फळ तपासलेलं आणि घरची पोरं पितात ते पाणी न तपासलेलं, हे मला पटत नाही.

आमच्या ग्रामसभेत आम्ही मांडणार आहोत तो ठराव खाली देतेय. आपापल्या गावाप्रमाणे बदलून घ्या.

“गावाच्या हद्दीत वापरली जाणारी कीटकनाशके व वाढनियंत्रके यांची वार्षिक यादी कृषी विभागाकडून मागवण्यात यावी. पिण्याच्या विहिरीपासून किमान शंभर फूट अंतरात फवारणीचे पंप व डबे धुण्यास मनाई करण्यात यावी व त्यासाठी पंचायतीने वेगळी जागा द्यावी. यादीतील प्रमुख रसायनांसाठी गावातील दोन विहिरींचे नमुने वर्षातून दोनदा तपासून घ्यावेत, त्याचा खर्च पाणी व स्वच्छतेच्या बंधित निधीतून करावा व अहवाल आल्यापासून आठ दिवसांत फळ्यावर लावावा.”