पाणी गुलाबी झालं, तरी तलाठी सुटतो कसा?

"नोटांची पावडर हाताला लागली, पाणी गुलाबी झालं, तरी तलाठी निर्दोष! कोर्ट मॅनेज झालं." बीड-जालन्यापासून लातूरपर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर लाचेच्या सापळ्यात सापडून निर्दोष सुटलेल्या तलाठ्याबद्दल हा मजकूर फिरतो. त्यातला एकेक दावा घेऊ.

"हात रंगले, पुरावा झाला." नाही. सापळ्यातल्या नोटांना लावलेली फिनॉल्फ्थॅलिन पावडर लागलेली बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की रंग येतो. त्यावरून नोट हाताळली एवढंच कळतं. ती मागितली होती का, हे कळत नाही. मागणी सिद्ध नसेल तर नुसत्या जप्तीवर शिक्षा टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बी. जयराज (2014) आणि सत्यनारायण मूर्ती (2015) या निकालांत स्पष्ट केलं आहे. म्हणून सापळ्यापेक्षा आधीची मागणीची पडताळणी मोलाची: पंच (तटस्थ साक्षीदार) सोबत, रेकॉर्डर चालू, मागणी स्पष्ट शब्दांत. बहुतेक गडबड इथेच होते. तक्रारदारासोबत आत जाणाऱ्या पंच क्रमांक 1 ला "तुम्ही बाहेर थांबा" म्हणून दाराबाहेर ठेवलं की बोलणं ऐकणारा एकटा तक्रारदार उरतो. फेरफार (जमिनीच्या नोंदीतला बदल) आधीच मंजूर झालेला असेल तर बचावाचा वकील विचारणारच, मग पैसे कशाचे? "शेतसाऱ्याचे होते" हा खुलासा सापळ्याच्या पंचनाम्यातच आला असेल तर त्याला वजन असतं. खटला उभा राहिल्यावर सुचलेल्या खुलाशाला तेवढं नसतं.

रेकॉर्डिंगची गोष्ट तर आपल्या जालन्याचीच. तिथल्या विधानसभा निवडणुकीच्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल वादात 2020 साली ठरलं की मूळ उपकरण कोर्टात हजर केलं नसेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम 65-ब चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवंच. ते नसेल तर सीडी असून नसल्यासारखी. (नव्या साक्ष अधिनियमात हे कलम 63 आहे.)

"तक्रारदार फितूर झाला की खेळ खलास." हेही चूक. नीरज दत्ता प्रकरणात 15 डिसेंबर 2022 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं: तक्रारदार फितूर झाला किंवा वारला, तरी पंच, इतर साक्षीदार आणि परिस्थितिजन्य पुरावा यांवरून मागणी सिद्ध करता येते. मागणी आणि स्वीकार सिद्ध झाले की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 20 चं गृहीतक (पैसे लाच म्हणूनच घेतले असं धरणं) आरोपीविरुद्ध उभं राहतं. ते खोडणं त्याचं काम.

"मंजुरीत चूक, म्हणून सुटका." ही मंजुरी म्हणजे खटला भरायला लागणारी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी. त्याच कायद्याच्या कलम 19(3) प्रमाणे त्या चुकीमुळे न्यायाला बाधा आली नसेल, तर तेवढ्यावरून अपिलात शिक्षा रद्द होत नाही.

"सुटला, आता नोकरी पक्की." विभागीय चौकशी वेगळी चालते आणि तिथे पुराव्याची पट्टी खालची असते. संशयाच्या फायद्यावर सुटलेल्याला तिथे शिक्षा होऊ शकते.

मॅनेजचा आरोप करण्याआधी ई-कोर्ट्सवरून निकालपत्र उतरवून घ्या आणि पंच क्रमांक 1 च्या उलटतपासणीची चर्चा आधी वाचा.