संडासाच्या फ्लशची टाकी उघडली, तर घर बाटलं का?

लातूरकरांना पाणी साठवायला कुणी शिकवावं लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, १२ तारखेला पहिली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. तेव्हापासून तर रिकामी बाटलीही फेकवत नाही. पण साठवलेलं पाणी बंद कुठून करायचं, हे आमच्या घरात गेल्या महिन्यापर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नाही.

आमच्याकडं आठ दिवसांनी नळ येतो. गच्चीवरची दोन हजार लिटरची टाकी तेवढे दिवस बरोबर पुरायची. मग सहाव्याच दिवशी खडखडाट व्हायला लागला. सासूबाईंनी खापर पोरांच्या अंघोळीवर फोडलं, मी वॉशिंग मशीनवर. संडासाकडं कुणाचं लक्षच नाही, कारण तिथं गळतीचा आवाज नाही, थेंब नाही, ओल नाही. शेवटी रात्री झोपताना फ्लशच्या टाकीत जिलेबीचा रंग टाकला. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून पाहिलं तर भांड्यात केशरी पाणी. म्हणजे टाकीतलं पाणी रात्रभर आत झिरपत होतं.

प्लंबर आला. झाकण उचलून पाहिलं, "ताई, पूर्ण सेट बदलावा लागतो, चौदाशे" म्हणाला, उद्या येतो म्हणून गेला. तो उद्या पाच दिवस झाले तरी उगवेना. मग मीच पदर खोचला.

टाकीखालचा अँगल कॉक, म्हणजे टाकीत येणारं पाणी बंद करायचा भिंतीतला छोटा नळ, आधी बंद करायचा, एवढं माहीत होतं. तो हलेचना. पाण्यातल्या क्षारानं बसला होता पांढरा होऊन. आठ वर्षांत कुणी फिरवलाच नव्हता. जोर लावला असता तर तुटून हातात आला असता आणि बाथरूमचं तळं झालं असतं. म्हणून गच्चीवर गेले. तिथं तीन कॉक, तिन्ही सारखे. पहिला बंद केला तर खालून सासूबाईंचा आवाज, "अगं, भांडे घासलालाव की मी!" दुसरा बरोबर निघाला. तिथंच नेलपेंटनं 'सं' लिहून टाकलं. (तिसरा कशाचा, ते अजून कळलेलं नाही.)

पाणी बंद झाल्यावर पोराची पट्टी टाकीत उभी धरली. अर्ध्या तासात पाणी तीन सेंटीमीटर उतरलं. टाकी आतून साधारण चाळीस बाय पंधरा, म्हणजे पावणेदोन-दोन लिटर. दिवसाच्या हिशोबानं पंच्याऐंशी लिटरच्या आसपास. पाच-सहा घागरी रोज गटारात, आणि आम्ही पोरांच्या बादल्या मोजत होतो!

मग फ्लश करून टाकी रिकामी केली, मधला व्हॉल्व्ह थोडा फिरवून वर काढला. बुडाशी काळा रबरी वायसर. त्याच्या काठावर क्षाराची खरखरीत कडा जमलेली, आणि रबर शिळ्या भाकरीसारखं ताठ. दुकानात तोच नमुना दाखवला, चाळीस रुपयांना मिळाला. वायसर जिथं बसतो ती कडही जुन्या ब्रशनं व्हिनेगर लावून घासली. ती खरखरीत राहिली तर नवा वायसरही गळणारच. ॲसिड मुद्दाम ओतलं नाही, आतल्या रबराची आणि प्लॅस्टिकची वाट लागते.

खरा गोंधळ पुढं झाला. सासूबाई दारात. "काय करलालीस गं? संडासात हात घातलीस?" अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. मी केलीही अंघोळ, वाद कोण घालणार. पण मला हे पटत नाही. त्या टाकीतलं पाणी गच्चीवरून येतं, ज्या पाण्यात आपण डाळ शिजवतो तेच. घाण आहे ती खाली भांड्यात. वर टाकीत नाही. तरी पिढ्यान्पिढ्या हे काम 'त्यांचं' म्हणून ठेवलं, आणि त्या नादात स्वतःच्या घरातला कॉकही आपल्याला सापडेना. मिटलेल्या तोंडानं चौदाशे देऊ, पण झाकण उचलणार नाही. नवरोबा तर पूर्ण वेळ टॉर्च धरून बाथरूमच्या उंबऱ्याबाहेरच उभे होते. तेवढी साथ तरी होती म्हणायचं.

या खेपेला टाकी आठव्या दिवसापर्यंत पुरली, वर चार-पाच बादल्या उरल्या.

अँगल कॉक मात्र अजून जामच आहे. पुढच्या नळाच्या दिवशी तो बदलायचाय. भिंतीतला पाईप न हलवता तो कसा काढायचा, कुणी स्वतः काढला असेल तर खाली लिहा. 'प्लंबरला बोलवा' एवढं सोडून.