दोरी सोडायचे तीस रुपये

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो असं म्हणायची पद्धत आहे, पण मला म्हातारीचंही दुःख आहे, स्पष्ट सांगतो. तीस रुपये गेले. माझ्या पुढच्या आल्टोवाल्याने वीस दिले होते आणि त्याच्या पुढच्या स्कूटरवाल्या मुलीने दहा. तिघेही एकाच दोरीवरून गेलो.

तर झालं असं की म्हापशाहून पणजीला जायचं होतं, अकराच्या आत एका ऑफिसात कागद द्यायचा होता, अंतर तेरा किलोमीटर आणि मध्ये पर्वरी. बस्स, पुढचं गोव्यातल्या कुणालाही सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच की पर्वरीत हायवेच्या डोक्यावर सहा पदरी उड्डाणपूल होतोय, पाच किलोमीटरहून थोडा जास्त लांब, आणि तो वर होईपर्यंत खालच्यांनी काय करायचं हा विषय कुणाच्या नकाशात दिसत नाही. रस्ता आज इकडून, उद्या तिकडून, परवा होता तिथे खड्डा आणि त्यात पाणी. पत्र्यांच्या कुंपणामधून आपण सरपटत जायचं आणि धूळ खायची. खाप्रेश्वराचा वड होता ना, तोही २०२५ च्या मार्चमध्ये मुळासकट उचलून नेला, केवढी रडारड झाली तेव्हा. मला आता त्या वडाचा थोडा हेवा वाटतो, निदान त्याला पर्वरीतून कुणीतरी क्रेन लावून बाहेर काढलं.

ओ कोकेरोच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. ओ कोकेरो म्हणजे तेच हॉटेल, जिथे १९८६ च्या एप्रिलमध्ये मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडेंनी चार्ल्स शोभराजला पकडलं. मी तिथे अडकलो की दर वेळी हाच विचार येतो की आज शोभराज तिथे बसलेला असता तर झेंडेसाहेब अलीकडच्या गिरी गावातच ट्रकच्या मागे उभे राहिले असते, आणि शोभराजने जेवण उरकून, बडीशेप खाऊन, बिलात चूक काढून निघून जायचं म्हटलं असतं तरी तोही पार्किंगमधून बाहेर पडू शकला नसता, त्यामुळे शेवटी पकडला गेलाच असता म्हणा. त्याच वर्षी जुलैत मांडवीचा पूल कोसळला. मग कित्येक वर्षं बेती-पणजी फेरीबोटीच्या रांगा. आमचे वडील त्या रांगांच्या गोष्टी सांगायचे तेव्हा आम्ही हसायचो. आता बरे तीन पूल आहेत. तिसरा अटल सेतू, २०१९ च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हा सगळे म्हणाले की आता ट्राफिक संपला. संपला कसला, पणजीतून निघालेली माणसं पर्वरीच्या जाममध्ये लवकर पोचायला लागली एवढंच.

असो. पुढे एक आल्टो डाव्या हाताला एका कच्च्या वाटेने आत शिरताना दिसली आणि मी तिच्या मागे घुसलो. पन्नास पावलांवर एक जुनं घर, पुढे अंगण, कडेला तुळस, अंगणातून वाट मागच्या रस्त्याकडे जाते, आणि अंगणाच्या तोंडावर माडाला आणि गेटच्या खांबाला बांधलेली निळी नायलॉनची दोरी. दोरीच्या टोकाशी प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीत घरमालक बाब. बनियन, चट्ट्यापट्ट्याची हाफ पँट, कानाला मोबाईल आणि मांडीवर बिस्किटांचा रिकामा डबा, ज्यात सुट्टे.

आल्टोवाल्याने वीसची नोट दिली, दोरी खाली गेली, आल्टो गेली, दोरी वर आली. मी वीस काढून हातात धरले.

"तीस," बाब म्हणाला.

"आताच त्याच्याकडनं वीस घेतले."

"तें पयलीं. आतां पळय," असं म्हणून बाब खुर्चीतनं अर्धवट उठला, कपाळावर हात आडवा धरला आणि हायवेकडे असं काही बघितलं की बोटीवरच्या तांडेलाने काय बघावं. "लायन भाजी-पावाच्या गाड्यामेरेन पावली. गाड्याच्या अलीकडे वीस, गाड्याच्या फुडें तीस. मॉलामेरेन गेली जाल्यार पन्नास."

मला वाटलं गंमत करतोय. गंमत नव्हती. खांबाला पुठ्ठा टांगला होता, त्यावर मार्करने सगळं लिहिलेलं, फक्त आकड्यांची जागा रिकामी, तिथे खडूने. खडू बाबाच्या कानावर. माझ्यासमोर त्याने २० पुसून ३० केलं, म्हणजे दरवाढ झाली ती अधिकृतपणे माझ्यापासून झाली.

आता मी भांडकुदळ माणूस नाही पण नियम मला पाठ असतात, हा दोष आहे माझ्यात असं बायको म्हणते. मी बाबाला सांगितलं की नॅशनल हायवेच्या टोलनाक्यावरसुद्धा वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या खासगी गाडीला महिन्याचा सवलतीचा पास मिळतो, मी म्हापशाचा, माझी गाडी जीए ०३, तुम्ही पण बार्देशचे, एक तालुका, ते वर सिंधुदुर्गात ओसरगावला बघा एमएच ०७ ला टोलमाफी पाहिजे म्हणून माणसं रस्त्यावर उतरली आणि तुम्ही आपल्याच माणसाला...

बाबाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मागून हॉर्न वाजत होते त्यांना हातानेच थांबा म्हटलं.

"तो नॅशनल हायवे," तो म्हणाला. "हें म्हजें आंगण."

"पण लोकल पास..."

"आसा मरे लोकल पास. लोकल म्हणल्यार ह्या वाड्यावयलो. तूं म्हापश्याचो, म्हणल्यार टुरिस्ट."

टुरिस्ट! मी! आजोबांपासून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ज्यांच्या उधाऱ्या आहेत त्यांचा नातू! तीस रुपये एक वेळ गेले असते, पण हे लागलं. मी म्हटलं पावती द्या. बाब म्हणाला पावती पंचायतीत मिळते, तिथे अर्ज कर. मी म्हटलं जीपे करतो. तर जीपेला पस्तीस. सरकारी नाक्यावर २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नियम आला की फास्टॅग नसेल तर रोख दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट, म्हणजे मोबाईलने देणारा वाचला, इथे बरोबर उलटं. का, तर "पूत म्हणटा, बँकेंत दिसता."

मग कळलं की हा पूत म्हणजे सगळ्याचा उगम. पूत अमेरिकेत अटलांटाला आहे, कॉम्प्युटरमध्ये. त्याने व्हिडिओ कॉलवर बाबाला समजावलं की तिकडे मोठ्या हायवेवर एक्सप्रेस टोल लेन असतात, फुकटच्या लेन आहेत तशाच, त्यांना लागूनच ह्या वेगळ्या, पैसे देऊन जायचं, आणि गर्दी वाढली की भाव आपोआप वाढतो म्हणजे लेन भरत नाही आणि देणारा सुसाट जातो. बाबाने हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दोरी आणली. उगाच म्हणतात आपल्याकडे उद्योजक नाहीत.

घरी येऊन मी रागाने सगळं वाचून काढलं, कारण मला बाब खोटा ठरायला हवा होता. नाही ठरला. अटलांटात जॉर्जिया ४०० नावाचा हायवे आहे, त्याला सोळा मैलांच्या अशाच टोल लेन जोडायच्यात, २०३१ मध्ये सुरू करायचं ठरलंय, जुन्या लेन फुकटच राहणार, आणि बस मात्र नव्या लेनमधून जाणार. बसचं ऐकून बरं वाटलं, आमच्या कदंबाला, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसला, कोण दोरी सोडणार? पण गंमत पुढेच आहे. ह्याच रस्त्याच्या शहराकडच्या तुकड्यावर १९९३ पासून पन्नास सेंटचा टोल होता, कर्ज फिटलं की काढू म्हणाले होते, कर्ज फिटलं तरी लांबवला आणि २०१३ मध्ये एकदाचा काढला. आता त्याच रस्त्यावर जरा वरच्या अंगाला परत टोल, ह्या वेळी पन्नास सेंटचा नाही, गर्दी बघून. व्हर्जिनियात तर २०१७ च्या डिसेंबरमध्ये आय ६६ नावाच्या हायवेवर असला टोल सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात दहाएक मैलांना चाळीस डॉलरवर गेला. चाळीस डॉलर! बाबाला हे कळू देऊ नका कुणी. आणि ह्या लेनना तिकडचे लोक लेक्सस लेन म्हणतात, महागड्या गाड्यांसाठीच आहेत म्हणून. माझी वॅगन आर आहे, सेकंड हँड.

ही कल्पना मुळात चुकीची आहे असंही म्हणता येत नाही मला, तेच जास्त झोंबतं. ह्यूस्टनला केटी फ्रीवे म्हणून रस्ता आहे, २००८ मध्ये रुंद करून झाला, कडेचे रस्ते धरून काही ठिकाणी सव्वीस लेन, सव्वीस, आमचं अख्खं गाव आडवं झोपलं तरी उरेल, आणि थोड्याच वर्षांत तो परत तुंबला. रस्ता वाढवला की गाड्या वाढतात. मग निदान पैसे लावून आवरा, असं शहाणी माणसं म्हणतात. कबूल. पण जो वेळेवर हजेरी लागली नाही म्हणून अर्ध्या दिवसाचा पगार घालवतो त्याने कुठे जायचं? गाड्याच्या अलीकडे वीस, पलीकडे तीस, हे मला परवडतं, चिडचिड करत परवडतं. त्या स्कूटरवाल्या मुलीला रोज दहा परवडतात का हे तिला कुणी विचारलं नव्हतं. टोलनाक्यावर तर दुचाकीला टोलच नसतो.

आणि मला खरा राग कशाचा आला सांगू? जाता जाता मी बाबाला, म्हणजे तोंडदेखलं, म्हटलं की होईल हो पूल लवकर, सुटेल ट्राफिक. तर बाबाचा चेहराच पडला. "लवकर?" म्हणाला. "कोण म्हणटा?" मग खालच्या आवाजात सांगितलं की मागचा पंचायतीचा रस्ता रुंद करायची मागणी आलीय आणि त्याने स्वतः त्यावर हरकत घेतलीय, तो रस्ता मोठा झाला तर सगळे तिकडूनच फुकटात जातील.

मला वाटलं ह्या बनियनच्या माणसाचा हलकटपणा आहे हा. तर कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीला, १९९५ च्या डिसेंबरमध्ये, एसआर ९१ नावाच्या हायवेवर असल्या लेन सुरू झाल्या, खासगी कंपनीच्या, वेळेप्रमाणे बदलता टोल, आणि करारात चक्क कलम की शेजारच्या फुकट रस्त्यात सरकारने सुधारणा करायची नाही! गिऱ्हाईक तुटेल ना! लोक फुकटच्या लेनमध्ये तुंबलेले आणि रुंदीकरणाला करारच आडवा. शेवटी २००३ मध्ये तिथल्या काउंटीच्या वाहतूक प्राधिकरणाने वीस कोटी पंचाहत्तर लाख डॉलर मोजून त्या लेन विकत घेतल्या तेव्हा ते कलम सुटलं. म्हणजे बाब एकटा नाही, बाब परंपरेत आहे. जाम हाच ज्याचा माल आहे त्याला जाम सुटून कसं चालेल. त्याचं चुकलं इतकंच की त्याने आधी टाय लावला नाही.

आमच्याकडे उद्या कुणी हे टायवालं आणलं तर आपण दोरीसारखीच मान खाली घालू, लिहून ठेवा. सर्व्हिस रोड आधी करा, डायव्हर्शनला धड डांबर घाला, बोर्ड लावा, रात्रीचे दिवे लावा, एवढं साधं मागून मागून लोकांचे घसे बसले. ते होत नाही. फुकटचा रस्ता फुकटचा म्हणून तसाच, आणि मग चांगला रस्ता विकायला. असो, विनोदी लिहायला बसलो होतो.

तर तीस रुपये दिले. दोरी पडली. बाबाने हसून सलाम केला, मी नाही केला. अंगण ओलांडून गाडी घराच्या मागच्या अंगाला आली, मागचा रस्ता समोर दिसतोय, पणजीकडे वळायचं की झालं, आणि समोर दोरी. पिवळी. खुर्ची. खुर्चीत तस्साच बाब, फक्त लुंगी.

"फुडल्याक कितले दिले?" त्याने विचारलं.

"तीस."

"म्हाका धा."

मी म्हटलं अहो पुढे दिले की, एकच घर आहे. तर म्हणाला घर एक, वांटे दोन. पुढचा भाऊ. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर दोघांचीही नावं आहेत, केस कोर्टात आहे, आजोबांच्या वेळेपासूनची, पण अंगण पुढच्याचं आणि परसू ह्याचं असं तोंडी ठरलंय, आणि दोघं भाऊ बोलत नाहीत. म्हणून एकत्र पास नाही. मी कपाळाला हात लावून दहाची नोट काढली. माझ्या मागे तोवर एक इनोव्हा आणि एक गॅसचा टेम्पो येऊन उभे, हॉर्नवर हॉर्न.

बाबाने नोट घेतली, घडी केली, दोरी मात्र सोडेना.

"एक काम कर मरे. पाटीं वच आनी ताका सांग, गेल्या वर्साचे नाल्लांचे पयशे अजून दिवंक ना म्हणून."

"मी? आता? मागे गाड्या आहेत!"

बाबाने इनोव्हाकडे पाहिलं, टेम्पोकडे पाहिलं, मग मला धीर दिला.

"रिव्हर्साचे पयशे हांव घेवचो ना."