वाढदिवस माझा, यादी त्यांची

दरवर्षी तेच! वाढदिवस माझा, पण शहरात दिवसभर कुठे भटकायचं याची यादी नवरोबांची. नकाशावर दोन ठिपके जवळ दिसले की यांच्या मते "चालत दहा मिनिटं". मधले सिग्नल, उड्डाणपूल, गर्दी कोण मोजणार? बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तिकीटखिडकी दारं लागण्याच्या बरीच आधी मिटते, हे यांना दरवेळी दारात उभं राहूनच कळतं. आत शिरलोच तर लगेच, "चल, पुढचं राहील!" अहो, राहू द्या की! मला एका बाकावर निवांत बसायचंय. वर पाय सुजलेले असताना फोटोत गोड हसायचं, कारण स्टेटस टाकायचंय. आणि जेवण? ते यादीत नसतंच!